शेवटच्या बांधीपर्यंत : जिल्ह्याचा लोकनिधी कसा उभारावा, कसा वाटावा

रोवणीच्या दिवसांत तलाव भरलेला असला की पाळीजवळच्या शेतकऱ्याला घोर नसतो. त्याच्या बांधीत पाणी आपसूक येते. घोर असतो तो पाटाच्या टोकाला ज्याची बांधी आहे त्याला. वरच्यांनी धुरे फोडून पाणी घेतले, की खालच्याचे पऱ्हे वाळतात आणि तलाव मात्र भरलेलाच दिसतो. म्हणून तलावाची परीक्षा पाळीवर उभे राहून होत नाही. पाटाच्या शेवटाला जाऊन पाहावे लागते.

गावाच्या किंवा जिल्ह्याच्या भल्यासाठी जमवलेल्या पैशालाही हीच परीक्षा लावली पाहिजे. भंडारा जिल्ह्यात दानत कमी नाही. सप्ताह, मंडई, मंदिराचा जीर्णोद्धार, शाळेचे प्रवेशद्वार यांसाठी वर्गणी उभी राहते. पण त्याच गावात अपंग मुलाला तालुक्याच्या दवाखान्यात नेण्याचे भाडे कोणाकडे मागावे, हे त्याच्या आईला ठाऊक नसते. पैसा आणि गरज एकाच गावात राहतात, पण त्यांची गाठ पडत नाही. ती पाडून देणारी कायमची व्यवस्था म्हणजे कम्युनिटी फाउंडेशन. आपण तिला लोकनिधी म्हणू. तो कसा उभारावा आणि कसा वाटावा, याचे हे टिपण.

लोकनिधी म्हणजे काय

जगातले पहिले कम्युनिटी फाउंडेशन 1914 साली अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरात सुरू झाले. फ्रेडरिक गॉफ नावाच्या बँकरने ते काढले. श्रीमंत माणसे मृत्युपत्रात दान ठेवून जात, पण दानाचा हेतू पन्नास वर्षांनी कालबाह्य होई आणि पैसा अडकून पडे. हे त्याला दिसत होते. त्याने तोडगा काढला : अनेकांचे दान एकत्र ठेवायचे, मुद्दल जपायचे आणि त्या त्या काळाची गरज पाहून शहरातल्या नागरिकांच्या समितीने उत्पन्न वाटायचे. आपल्याकडे 1990 च्या सुमारास मुंबईत बॉम्बे कम्युनिटी पब्लिक ट्रस्ट याच धर्तीवर उभा राहिला.

एरवीच्या संस्थेपेक्षा हा प्रकार तीन बाबतींत वेगळा. एक, पैसा एका धनिकाचा किंवा एका कंपनीचा नसतो. दोन, काम एका विषयाला बांधलेले नसून एका भूभागाला बांधलेले असते. तीन, लोकनिधी शक्यतो स्वतः शाळा किंवा दवाखाना चालवत नाही. जे आधीपासून काम करत आहेत त्यांना तो बळ देतो.

ही कल्पना आपल्याला परकी नाही. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाने इथे तलाव बांधले. एका तलावाच्या सांडव्याचे पाणी खालच्या बोडीत, तिथून पुढच्या बोडीत जाईल अशी रचना केली. 1950 च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे आले आणि मालगुजारी तलावांचे ‘माजी मालगुजारी’, म्हणजे मामा तलाव झाले. मालकी बदलली तशी गाळ काढण्याची, पाळ राखण्याची, पाणी वाटणारा माणूस नेमण्याची गावाची सवय बऱ्याच ठिकाणी मोडली. लोकनिधी काढणे म्हणजे मोडलेली सवय पुन्हा लावणे आहे.

आधी गरज ओळखा, मग पावतीपुस्तक छापा

पहिली चूक इथेच होते. चार उत्साही माणसे जमतात, नाव ठरते, बोधचिन्ह ठरते आणि पावत्या फाटू लागतात. पैसा कशासाठी, हे नंतर ठरते. क्रम उलटा हवा.

जिल्ह्याची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेनुसार सुमारे 12 लाख, आणि दर दहा माणसांतली आठ खेड्यात राहणारी. तालुके सात : भंडारा, मोहाडी, तुमसर, साकोली, लाखनी, लाखांदूर आणि पवनी. सगळा जिल्हा एकदम हाती घेऊ नका. एका तालुक्यातली आठ-दहा गावे निवडा आणि दोन महिने फक्त फिरा, ऐका.

कोणाकडे जायचे? सरपंच आणि मुख्याध्यापकांकडे जालच. त्यांच्याशिवाय पुढच्या घरांची दारे मुद्दाम ठोठवा :

- ढिवर वस्ती. तलावात मासेमारीचा ठेका सहकारी संस्थेकडे असतो. संस्थेच्या सभासद यादीत बायका किती, हे विचारा. मासे विकायला डोक्यावर टोपले घेऊन त्याच निघतात.
- मोहाडी, आंधळगाव, एकलारी भागातले कोसा विणणारे आणि ऐन-अर्जुनाच्या झाडांवर कोसा पाळणारे.
- गोसीखुर्द धरणामुळे उठून पुनर्वसन गावठाणात आलेली कुटुंबे.
- चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मॅंगनीज खाणींजवळची गावे.
- बटईने शेती करणारे. सातबाऱ्यावर नाव नसल्याने नुकसानभरपाईच्या यादीत त्यांना जागा मिळणे कठीण.
- रोवणी आटोपली की विटाभट्टीवर किंवा परराज्यात जाणारे मजूर, आणि मागे राहिलेली त्यांची म्हातारी माणसे व मुले.

‘तुम्हाला काय हवे?’ असे विचाराल तर उत्तर येईल ‘सभामंडप’ किंवा ‘सिमेंट रस्ता’, कारण मागायची सवय तीच लागली आहे. त्याऐवजी विचारा : गेल्या वर्षी घरात कर्ज कशापायी झाले? मुलीची शाळा कोणत्या इयत्तेत सुटली आणि का? दवाखान्यात पोहोचायला किती वेळ लागला? या तीन उत्तरांतून गावाचा खरा नकाशा तयार होतो. तो लिहून काढा आणि त्याच गावात वाचून दाखवा. चुका लोकच दुरुस्त करतील.

सतरंजीवर कोण बसते

समिती कशी असावी हा बैठकीत सर्वांत शेवटी येणारा विषय. तो पहिला घ्या, कारण पैसा कुठे जाणार हे तिथेच ठरते.

‘गावाचे एकमत’ हा शब्द आपल्याला गोड लागतो. पण त्याचे दोन अर्थ आहेत आणि दोन्ही आपल्याजवळच घडलेले आहेत. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावात सर्वसहमतीचा अर्थ असा, की एकाचाही विरोध असेल तर निर्णय पुढे ढकलायचा, पुन्हा बोलायचे. त्यासाठी गावात अभ्यासगट बसतो. आधी समजून घेणे, मग ठरवणे. दुसरा अर्थ आपल्या जिल्ह्याने 29 सप्टेंबर 2006 रोजी मोहाडी तालुक्यातल्या खैरलांजीत पाहिला. एका दलित कुटुंबातल्या चौघांना जमावाने ठार मारले. एकट्या पडलेल्या घराविरुद्ध गाव एक होते तेव्हा काय होते, हे भंडाऱ्याला कोणी शिकवायला नको. म्हणून लोकनिधीच्या घटनेत एकटा पडू शकणाऱ्याची जागा आधीच लिहून ठेवली पाहिजे.

व्यवहारात ते असे करता येईल. दोन मंडळे ठेवा. विश्वस्त मंडळ लहान आणि स्थिर, सात ते नऊ जणांचे. कायदेशीर जबाबदारी त्याची. वाटप समिती मोठी आणि फिरती, पंधरा-सोळा जणांची, दोन वर्षांनी निम्मी बदलणारी. अर्जांची छाननी आणि शिफारस तिच्याकडे. यात एक सोय आहे : विश्वस्त बदलला की 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयाकडे बदल अर्ज करावा लागतो, आणि तो रेंगाळला तर बँकेतल्या सह्याही अडतात. समिती बदलली तर ही कटकट नाही.

वाटप समितीत निम्म्या स्त्रिया असाव्यात. अनुसूचित जाती, आदिवासी, ढिवर, भूमिहीन यांचे प्रत्येकी निदान दोन प्रतिनिधी असावेत. एकटा प्रतिनिधी दडपून जातो; दोघे असले की एकमेकांकडे पाहून बोलतात. बैठक मजुरीच्या दिवसांत दुपारी ठेवू नका, आणि रोजीवर जगणाऱ्या सदस्याला त्या दिवसाची मजुरी व प्रवासखर्च द्या. फुकट वेळ देणे ज्यांना परवडते तेच निर्णय घेतात. मग समता कागदावर राहते. ज्या अर्जाशी सदस्याचे नाते किंवा व्यवहार असेल त्या वेळी त्याने उठून बाहेर जावे आणि तसे इतिवृत्तात लिहावे.

पैसा कुठून येईल

*घराघरातून.* समजा, 400 कुटुंबांनी महिन्याला 100 रुपये दिले, तर वर्षाचे 4 लाख 80 हजार होतात. आठ-दहा गावांच्या कामाला ही सुरुवात पुरेशी आहे. ज्यांच्याकडे रोख नाही त्यांच्याकडून मळणीनंतर पायलीभर धान घ्या, श्रमदान घ्या, आणि त्याचीही पावती द्या. पायलीभर धान देणारी बाई हिशेब विचारायला हक्काने उभी राहते. निधीला असे राखणदार मिळणे हे पैशापेक्षा मोलाचे.

*बाहेर गेलेल्यांकडून.* भंडाऱ्याची मुले नागपूर, पुणे, बंगळुरू आणि परदेशात आहेत. इथे कायदा नीट पाहा. परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकाने स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँक व्यवहाराने दिलेली देणगी विदेशी मानली जात नाही. पण ज्यांनी तिकडचे नागरिकत्व घेतले त्यांची देणगी विदेशी ठरते, मग त्यांच्याकडे ओसीआय कार्ड असले तरी. तिच्यासाठी विदेशी देणगी नियमन कायद्याखालची (एफसीआरए) नोंदणी लागते. शिवाय 2020 च्या दुरुस्तीनंतर विदेशी देणगी एका संस्थेने दुसऱ्या संस्थेकडे वळवण्यास बंदी आहे. लोकनिधीचे कामच वाटण्याचे असल्याने सुरुवातीची काही वर्षे या पैशाच्या वाटेला न जाणे शहाणपणाचे.

*कंपन्यांकडून.* 2013 च्या कंपनी कायद्याच्या कलम 135 नुसार ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या 2 टक्के रक्कम सामाजिक कामावर (सीएसआर) खर्च करावी लागते, आणि कंपनी जिथे चालते त्या परिसराला प्राधान्य द्यावे असे कायदाच सांगतो. वरठीचा पोलाद कारखाना, गडेगावचा वाहन कारखाना, तुमसर तालुक्यातल्या खाणी आपल्याच परिसरात आहेत. त्यांच्याकडे जाताना हात पसरून जाऊ नका. गावांचा लिहिलेला नकाशा घेऊन जा. मात्र कंपनीचा पैसा निधीच्या एक तृतीयांशाहून जास्त होऊ देऊ नका. ज्याचा पैसा जास्त त्याचा शब्द जड होतो.

*सरकारी पैशाला जोड.* खाणींच्या जिल्ह्यांसाठी 2015 च्या कायदादुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठान आले. खाणबाधित गावांच्या पाणी, आरोग्य, शिक्षणासाठी त्याचा पैसा असतो. गाळ काढण्यासाठी ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आहे. लोकनिधीने हेच काम दुबार करू नये. गावाला अर्ज, आराखडा, मोजमाप यासाठी दहा-वीस हजारांची मदत केली तर लाखांची सरकारी योजना गावात येऊ शकते. छोट्या निधीचा हा सर्वांत चांगला उपयोग.

*मुद्दल.* दरवर्षी जमलेल्यातला काही भाग कायम ठेव म्हणून बाजूला काढा. 10 लाखांची ठेव 7 टक्क्यांनी वर्षाला 70 हजार देते. रक्कम मोठी नाही, पण ती कोणाच्या मर्जीवर अवलंबून नसते. ही देणगी कायम निधीसाठीच आहे असे देणगीदाराचे लेखी पत्र घ्या आणि रक्कम वेगळी गुंतवा. तसे केले नाही तर प्राप्तिकरात ती साधे उत्पन्न धरली जाऊ शकते.

नोंदणीच्या पायऱ्या

नोंदणी होण्याआधी लोकांकडून पैसे जमवू नका. नोंदणीचे मार्ग तीन : 1950 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली न्यास, 1860 च्या कायद्याखाली संस्था, जिला किमान सात सदस्य लागतात आणि महाराष्ट्रात तिची न्यास म्हणूनही नोंद होते, किंवा कंपनी कायद्याच्या कलम 8 खालची ना-नफा कंपनी. गावपातळीवरच्या कामाला पहिले दोन सोपे. उद्देश लिहिताना ‘इतर संस्थांना, गटांना व व्यक्तींना साहाय्य देणे’ हे वाक्य स्पष्ट घाला. ते नसेल तर पुढे वाटपावरच प्रश्न येतात.

मग पॅन, बँक खाते, आणि प्राप्तिकर विभागाची 12-अ आणि 80-जी म्हणून ओळखली जाणारी नोंदणी. ती आधी तात्पुरती मिळते, नंतर नियमित करून घ्यावी लागते. मुदत चुकवू नका. 2,000 रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीवर देणगीदाराला सवलत मिळत नाही, आणि नवी करप्रणाली निवडलेल्यालाही नाही. हे आधीच सांगा, नंतर रुसवे नकोत. कंपन्यांचा पैसा हवा असेल तर सीएसआर-1 ही नोंदणीही लागते. नवा प्राप्तिकर कायदा 1 एप्रिल 2026 पासून लागू असल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत. पहिल्या दिवसापासून एक चांगला सीए सोबत घ्या.

वाटप : पाटाच्या टोकापासून

लोकनिधीचे खरे काम इथून सुरू होते. सहा नियम सुचवतो.

1. *अर्ज तोंडी चालेल.* इंग्रजीत प्रस्ताव, अंदाजपत्रक, तीन वर्षांचा अहवाल मागाल तर पैसा नागपूरच्या जाणकार संस्था घेऊन जातील. एका पानाचा मराठी अर्ज ठेवा. ज्याला लिहिता येत नाही त्याचे म्हणणे झाडीबोलीत जसेच्या तसे कार्यकर्त्याने उतरून घ्यावे.

2. *लोकवाटा सरसकट नको.* ‘तुम्ही 25 टक्के भरा’ ही अट ऐकायला न्याय्य वाटते, पण तिच्यामुळे सर्वांत गरीब वस्ती अर्जच करत नाही. वाटा ऐपतीप्रमाणे ठेवा आणि श्रमाला पैशाइतकेच धरा.

3. *गुण कशाला.* अर्जाला शंभरपैकी गुण द्या. त्यातले 40 गुण ‘याचा लाभ कोणाला’ या एकाच प्रश्नाला. बाकीचे गरजेची निकड, कामाची शक्यता आणि पुढे ते टिकेल का, यांना. अर्ज नीटनेटका आहे याला शून्य.

4. *नोंदणी नसलेल्यांसाठीही दार.* बचत गट, तरुणांचा अभ्यासिका गट, मासेमार स्त्रियांचा गट यांच्याकडे न्यासाची नोंदणी नसते. त्यांना मोठी रक्कम हातात देण्याऐवजी लोकनिधीने स्वतः जाळी, पुस्तके, सायकली घेऊन द्याव्यात आणि बिले आपल्या नावावर ठेवावीत. गटही सांभाळला जातो, हिशेबही.

5. *तातडीचा कप्पा.* ऑगस्ट 2020 च्या शेवटी वैनगंगेला पूर आला, वरच्या धरणातून सोडलेले पाणी भंडारा शहरात आणि काठच्या गावांत शिरले. अशा वेळी पंचनामा होईपर्यंतचे आठ दिवस सर्वांत कठीण असतात. एकूण निधीचा दहावा भाग राखून ठेवा. तीन सदस्यांच्या सहीने दोन दिवसांत तो देता यावा. भाड्याने राहणारा आणि बटईने पिकवणारा यांचा विचार पहिला, कारण सरकारी यादी सहसा मालकाच्या नावापासून सुरू होते.

6. *नकाराचे कारण सांगा.* ज्याला मदत नाकारली त्याला कारण कळले पाहिजे आणि एकदा फेरविचार मागता आला पाहिजे. मौन म्हणजे ओळखीपाळखीचा संशय.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका मामा तलावासाठी दोन अर्ज आले. पहिला शेतकऱ्यांचा : गाळ काढा, पाणी वाढवा. दुसरा ढिवर गटाचा : तलावात माजलेली बेशरमची झुडपे काढा, देशी पाणवनस्पती लावा, म्हणजे मासे वाढतील. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ आणि मनीष राजनकर यांनी या भागात मासेमारांना सोबत घेऊन तलावांचे असेच काम केले आहे. त्याचे सार असे, की तलाव हा पाण्याचा हौद नसून जिवंत जागा आहे आणि तिची जाण मासेमारांकडे आहे. समितीने दोघांना एकत्र बसवावे. सरसकट यंत्राने खरवडले तर वनस्पती आणि माशांच्या जागा जातात. मासेमार जिथे सांगतील तो भाग राखून गाळ काढला तर दोघांचे भागते. सरकारी योजनेतून गाळ, लोकनिधीतून बेशरम-निर्मूलन आणि लागवड, आणि अट एकच : मासेमार संस्थेत स्त्रियांना सभासद करून घ्यायचे. थोड्या पैशात पाणी, मासे आणि हक्क तिन्ही हलतात.

हिशेब चावडीवर

कायद्याप्रमाणे 31 मार्चला हिशेब बंद करून सहा महिन्यांत लेखापरीक्षण पूर्ण करावे लागते. ते तर कराच, पण गावाला ताळेबंद वाचता येत नाही. म्हणून एका फलकावर चार ओळी लिहा : किती आले, किती गेले, कोणाला गेले, किती शिल्लक. मदत मिळालेल्या व्यक्तीचे नाव फलकावर नको. गाव आणि काम लिहिले की पुरे. मुलीच्या शस्त्रक्रियेला मदत झाली हे चौकात लिहून तिच्या घराची अब्रू काढू नये. चेक देतानाचे फोटो, देणगीदारांच्या नावाच्या फरशा यांनाही याच कारणाने फाटा द्या.

वर्षातून एकदा सामाजिक अंकेक्षण करा. वाटप समितीबाहेरच्या पाच जणांनी दहा कामे प्रत्यक्ष पाहावीत आणि उघड सभेत बोलावे. व्यवस्थापनखर्च किती असावा, हे आधीच ठरवून जाहीर करा. शून्य खर्चाची बढाई मारू नका. कार्यकर्त्याला पगार आणि पेट्रोल लागतेच.

पहिले वर्ष

पहिले दोन महिने गावफेरी. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात घटना लिहिणे आणि नोंदणीचा अर्ज. नोंदणी हाती येईपर्यंत समितीचे प्रशिक्षण. जमल्यास एखादा दिवस मेंढा (लेखा) पाहून या. मग वर्गणी, आणि दिवाळीनंतर मंडईच्या दिवसांत गावोगावी लोकनिधीची ओळख, कारण तेव्हा बाहेर गेलेली माणसेही घरी असतात. वर्ष संपता संपता पहिले वाटप. ते लहान ठेवा : आठ ते दहा मदती, प्रत्येकी पाच ते पंचवीस हजारांच्या. चुका होतील, लहान रकमेच्या चुका भरून काढता येतात.

आणि वर्षाअखेर जिल्ह्याचा नकाशा समोर ठेवून दिलेल्या प्रत्येक मदतीवर टिकली लावा. सगळ्या टिकल्या महामार्गालगत, बाजारगावात आणि समितीच्या ओळखीच्या घरांभोवती जमल्या असतील, तर तलाव भरला आहे पण पाणी पाळीजवळच मुरते आहे असे समजा. पुढच्या वर्षीची पहिली बैठक मग भंडाऱ्यात घेऊ नका. जिथे एकही टिकली नाही त्या गावात घ्या.